आस्था-अंक अठ्ठ्याण्णव

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, तीन नंबरच्या पॅनमध्ये साखरेचा दाणा नुकताच धरला असताना, इंद्रजित थोरवत कारखान्यातून पळाला. ऊस उतरवून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो पाचटावर आडवा झाला, अंगावर ताडपत्री ओढून घेतली आणि वजनकाट्याच्या गेटातून बाहेर पडला. मुख्य गेटावर माणसं मोजत, काट्याच्या गेटावर फक्त वाहनं. सेहेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला, कारखान्यातला सगळ्यात जुना पॅनमन असा ताडपत्रीखाली अंग चोरून पडला होता आणि खाकी शर्टाच्या आत त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. नदीपलीकडच्या कारखान्यात, अठ्ठावीस किलोमीटरवर, अकरा वाजता त्याची मुलाखत होती.

बावीस वर्षांत त्याने चालू पॅन कधी सोडला नव्हता. पॅन म्हणजे दोन मजले उंच बंद पोलादी भांडं. आतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून उसाचा पाक कमी उष्णतेवरच उकळतो आणि करपत नाही. त्या पाकात साखरेचा दाणा वाढवायचा असतो. घाई केली तर नको असलेला बारीक दाणा उगवतो आणि चाळीस टन माल बिघडतो. बाकी सगळं यंत्रं सांभाळत. पण ऊस ताजा की शिळा, दाणा भरला की नुसता फुगला, हे शेवटी काचेवर थेंब घेऊन, अंगठा नि बोट यांच्यात चोळूनच कळे. म्हणून एवढ्या यंत्रांच्या काळातही पॅनमन टिकून होता.

आणि म्हणूनच कारखाना त्याला सोडत नव्हता.

सोडायचं कारण एकच होतं. त्याची बायको, स्नेहल. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी मिळणाऱ्यांच्या यादीत तिचा नंबर चार हजारांच्या पुढे होता. तोवर डायलिसिस, दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. कारखाना माळावर, दवाखाना जिल्ह्याच्या गावी, सत्तर किलोमीटर जायला आणि सत्तर यायला, एसटीने. येताना तिला बसमध्ये उलट्या होत आणि शेजारी बसलेली माणसं उठून दुसरीकडे जात. दोन महिने तिथे खोली घेऊन पाहिली, तर ती एकटी न्हाणीत पडली. इंद्रजित दोन वर्षांत तिच्याबरोबर अकरा वेळा गेला होता, तोही दवाखान्याच्या दारापर्यंत, कारण लगोलग परतावं लागे. हंगामात पॅनमनला रजा नसते, आणि हंगाम संपला की यंत्रांच्या सफाईला तोच लागे.

महिन्यापूर्वी ती म्हणाली होती, "संक्रांतीपर्यंत जाते. पुढं मी जायची न्हाई."

त्याला वाटलं, वैतागून बोलली. मग एक दिवस तिच्या बहिणीच्या अंगावर स्नेहलची ठेवणीतली मोरपंखी साडी दिसली. चौकशी केली तर कळलं, सातही चांगल्या साड्या वाटून झाल्या होत्या. म्हणजे ती वैतागून बोललीच नव्हती.

संक्रांत काल, मंगळवारी, झाली. काल ती दवाखान्यात जाऊन आली होती. उद्या गुरुवार.

पलीकडच्या कारखान्याच्या वसाहतीत दवाखाना होता, त्यात तिथल्या कामगारांच्या घरच्यांपुरती डायलिसिसची चार यंत्रं. तिथला पॅनमन अर्धांगवायूने पडला, तसं तिथून विचारणेचं पत्र आलं. क्वार्टरपासून दवाखाना चालत पाच मिनिटं, हे वाक्य इंद्रजितने त्या पत्रात इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला.

आता बांगडीबद्दल सांगायला हवं. त्याच्या डाव्या मनगटावर एक करडी पट्टी होती. कागदोपत्री तिला 'आस्थामापक' म्हणत, कामगार बांगडी म्हणत. तिच्यामागचा शोध भलत्याच कामासाठी लागला होता. एका संशोधिकेने बाळंतिणींच्या मनगटावर संवेदक बांधून पाहिलं. आपलं बाळ रडलं की, आईला काही कळायच्या आत, साधारण दीड सेकंदात, तिच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथी उघडतात, नाडीचे ठोके जवळ येतात, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं तर आई वळून बघते, प्रसंगी उठतेही, पण मनगट शांत असतं. बाळंतपणानंतर ज्या बायका मनातून खचतात त्या वेळेवर ओळखू याव्यात, एवढाच त्या बाईंचा हेतू.

पण जे बाळाला लागू, तेच माणसाने आपली मानलेल्या कुठल्याही गोष्टीला लागू, हे एका हुशार कंपनीच्या ध्यानात आलं. नोकरी सोडायचं मनात आलेला माणूस काम चोख करतो, हसतो, बोलतो. मात्र त्याच्या यंत्राचा भोंगा वाजला की त्याचं मनगट उडत नाही. मन आधीच गाव सोडून गेलेलं असतं. बस, एवढ्यावर धंदा उभा राहिला. पॅनमध्ये काहीही कमीजास्त झालं, वाफ घटली, पाक वाढला, की बांगडी पॅनमनच्या अंगात काय झालं ते टिपायची. शेवटच्या वीस प्रसंगांची सरासरी म्हणजे त्याचा आस्था-अंक. तो मनगटावरच लहानशा हिरव्या आकड्यांत दिसत असे.

ऐन हंगामात एकमेकांचे पॅनमन फोडायचे, हा साखरधंद्यातला जुना रोग. म्हणून सगळ्या कारखान्यांच्या संघाने बांगडी घेतली आणि नियम केला: अंक चाळीसच्या खाली गेला की माणूस पॅनवरून खाली, आणि त्याचं नाव सगळ्या कारखान्यांना कळवायचं. मग कुणीही त्याला दारात उभं करत नसे. दुसऱ्या टोकाचाही एक नियम होता म्हणे, पण तिथवर कुणाचा अंक गेलाच नव्हता. इंद्रजितचा अंक एकाहत्तर. कोर्टाने एवढं मात्र केलं होतं की बांगडीने माणूस कुठे आहे ते टिपायचं नाही आणि त्याचं बोलणं ऐकायचं नाही. बांगडीला फक्त त्याच्या जिवाची धडधड हवी होती.

त्या फटीतून वाट काढली रियाज मोमीनने. चार नंबरच्या पॅनवरचा हा इंद्रजितचा वीस वर्षांचा सोबती. दर पाच-सहा मिनिटांनी पॅनमध्ये काही ना काही होणार आणि इंद्रजित तिथे नसला तर दोन तासांत त्याचा अंक धुळीला मिळणार. रियाजने आपल्या नातीच्या पाळण्याजवळ ठेवतात तो जुना फोन आणला. बाळ रडलं की आईच्या खिशातला फोन थरथरावा, अशी त्यात सोय होती. तो फोन त्याने तीन नंबरच्या भोंग्यामागे चिकटवला.

"हितं भोंगा वाजला की तिकडं तुझ्या मोज्यात फोन थरथरंल," तो म्हणाला. "जीव उडाला पायजे मात्र. नुसता पाय झाडून भागायचं न्हाई."

"उडंल. बावीस वर्सं झाली, उडायचा थांबलाय कधी?"

"दोन्ही पॅन मी बघतो. जा तू. वहिनीसाठी जा."

असा तो निघाला होता. ट्रॉली नदीच्या पुलावर आली तेव्हा मोज्यातला फोन पहिल्यांदा थरथरला. इंद्रजित ताडपत्रीखाली असा दचकला की डोकं फळीवर आपटलं. वाफ घटली असेल का? की पाक जास्त सुटला? एरवी पॅनशेजारी उभं असताना हे सगळं डोळ्यांपुढे असे, हात नुसता चाकावर टेकवला तरी जीव थाऱ्यावर येई. इथे काहीच दिसत नव्हतं. छातीत धडधडत राहिलं आणि मनगटावरचा आकडा बहात्तर झाला.

पलीकडच्या गेटाबाहेर त्याने खाकी शर्ट काढून पिशवीत कोंबला, केसांतलं पाचट झटकलं आणि आत गेला.

मुलाखत घ्यायला कुलगुडे मॅडम होत्या. साखर तयार होते ती सगळी बाजू त्यांच्या हाताखाली. पन्नाशीच्या, आखूड कापलेले पांढरे केस, पायात कामगारांचे असतात तसलेच बूट. शेजारी एक तरुण इंजिनिअर लिहून घेत होता.

"हंगामाच्या मध्यात का सोडताय?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

त्याने सांगितलं. पाठ करून आणलेलं सगळं विसरून भलतंच सांगितलं, बसमधल्या उलट्या, वाटलेल्या साड्या. सांगताना मोज्यात थरथरलं आणि तो खुर्चीतच ताठ झाला. मिनिटाभरात परत थरथरलं.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"न्हाई मॅडम. थंडी आहे जरा."

जानेवारी होता खरा, पण त्याच्या कपाळावर घाम होता. मॅडमनी तो पाहिला आणि काही विचारलं नाही. "चला, पॅनवर जाऊ," त्या म्हणाल्या.

पॅनचा तो मजला चढताना इंद्रजितला पहिल्यांदा बरं वाटलं. तोच गोडसर, उग्र वास, पायाखाली तीच थरथर. तिथल्या माणसाने काचेवर नमुना काढून दिला. त्याने काच उजेडाकडे धरली, अंगठा आणि बोट यांच्यात थेंब चोळला, डोळे मिटले.

"ऊस शिळा आहे. तीन दिवसांचा तरी. दाणा चिकटाय लागलाय. पाक थांबवा आणि थोडं पाणी द्या. न्हाईतर धा मिनिटांत बारीक दाणा उगवंल."

इंजिनिअरने यंत्रावर पाहिलं. यंत्र म्हणत होतं, सगळं ठीक आहे. त्याने उसाची नोंद काढली. तीन दिवस, चार तास. आठ मिनिटांनी यंत्राचाही सूर बदलला. कुलगुडे मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी हाताची घडी सोडली.

"दुसरा नमुना तुम्ही स्वतः काढा," त्या म्हणाल्या.

पॅनच्या पोटात एक लांब पोकळ दांडा असतो, सॅम्पलर. तो फिरवायचा, ओढायचा, नमुना घ्यायचा आणि परत आत बसवायचा. इंद्रजितने दांड्याला हात घातला आणि त्याच क्षणी त्याचा उजवा गुडघा आपोआप वर उचलला जाऊन दांड्याच्या बुडाशी टेकला.

"हे काय?" इंजिनिअरला हसू फुटलं. "गुडघा कशाला?"

इंद्रजित तसाच, एका पायावर, उभा राहिला. खरंच, गुडघा कशाला? तीन नंबरच्या सॅम्पलरची बैठक सहा वर्षांपूर्वीच झिजली होती. एरवी पॅनमधली हवा काढलेली असल्याने दांडा आत ओढलेला राही आणि काही बिघडत नसे. पण ती ओढ कमी झाली की उकळता पाक दांड्याला बाहेर ढकली, आणि तेव्हा त्याला अडवायला गुडघ्याशिवाय काही नसे. दुरुस्तीचा अर्ज त्याने दोनदा दिला होता. मग गुडघ्याला सवय झाली आणि तो अर्जही विसरला, गुडघाही विसरला. रियाजला त्याने पॅनचं सगळं सांगितलं होतं, पाक कधी सोडायचा, वाफ किती ठेवायची. गुडघ्याचं सांगितलं नव्हतं. सांगायला ते आधी स्वतःला माहीत असावं लागतं.

आणि मोज्यात फोन थरथरला. थांबला, लगेच परत थरथरला, मग थांबेचना. एवढा लांब भोंगा एकाच गोष्टीचा असतो. पॅनमधली ओढ पडत होती. आणि ओढ पडली की कुठलाही पॅनमन आधी धावतो तो सॅम्पलरकडे.

समोर नोकरी होती. दोन-चार मिनिटं दात-ओठ खाऊन उभं राहायचं, एवढाच प्रश्न होता. क्वार्टरपासून दवाखाना चालत पाच मिनिटं. हे सगळं त्याच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण तोवर त्याने खाली वाकून मोज्यातून फोन काढला होता.

एक रिंग, दोन, तीन. चौथ्या रिंगला रियाजने उचलला.

"अरं, तू मुलाखतीत हायस न्हवं? हितं ओढ पडाय लागलीया..."

"सॅम्पलर ओढलास?"

"ओढायलोय की!"

"गुडघा लाव!" इंद्रजित ओरडला. सगळा मजला वळून बघू लागला. "बुडाला गुडघा लाव, रियाज! दांडा बाहेर येतोय त्यो! गुडघा!"

तिकडून एक किंकाळी आली, मग धातूवर धातू आदळल्याचा आवाज, मग नुसता भोंगा. इंद्रजितने फोन कानावर दाबून धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"बसला," रियाजचा आवाज आला, धापा टाकत. "गुडघ्यानं बसला. हातावर आलं थोडं. तोंडावर आलं असतं, अल्ला." आणि फोन बंद झाला.

कुलगुडे मॅडम जवळ आल्या. "म्हणजे तुम्ही आत्ता ड्युटीवर आहात?"

"होय मॅडम."

"पॅन चालू असताना आलात?"

"होय."

त्याने खाली बघितलं. आता जा म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही असल्या माणसाला जिना दाखवला असता.

"चालू पॅन सोडणाऱ्याला मी उभंही करत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पदरात पडत आलेली नोकरी टाकून दुसऱ्याला वाचवणारा माणूस मी अजून बघितला नव्हता. त्या कारखान्याचं सोडपत्र घेऊन सोमवारी हजर व्हा. क्वार्टर दवाखान्याच्या मागचं देते. बाईंना घेऊनच या."

बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली उभं राहून त्याने स्नेहलला फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाला.

"खरंच?" तिने विचारलं. मग घाईने म्हणाली, "बरं, मग उद्याची पिशवी भरून ठेवते. एवढे दोन फेरे बसनं काढते."

साडेबाराला तो ट्रॉलीतूनच परत आला. ओढ पडल्यामुळे तीन नंबर बारालाच बंद केला होता, तो दुसऱ्या दिवशी आठलाच चालू व्हायचा होता. रियाजच्या डाव्या तळहातावर मोठा फोड आला होता. प्रथमोपचाराच्या खोलीत त्याने सांगितलं होतं, माझ्याच हलगर्जीने झालं. इंद्रजितला त्याच्याकडे बघवेना.

"मिळाली का?" रियाजने विचारलं.

"मिळाली."

"मग झालं तर. फोड काय, फुटतोय आणि जातोय."

तीन वाजता चीफ केमिस्ट शिरगुप्पे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. इंद्रजितने मनाशी ठरवलं, काही झालं तरी रियाजचं नाव घ्यायचं नाही. पण साहेब दारातच आले, त्याचा हात हातात घेतला आणि बांगडीकडे बोट दाखवलं. मुलाखतीपासूनच्या गडबडीत इंद्रजितने ती पाहिलीच नव्हती. अठ्ठ्याण्णव.

"संघाच्या इतिहासात एवढा अंक कुणाचा नाही, थोरवत! आज दहापासून बारापर्यंत वीसपैकी वीस प्रसंगांना तुझा जीव उडालाय, आणि ओढ पडली तेव्हाचा आलेख बघ, कागदाच्या बाहेर गेलाय. इतकी वर्षं तू पॅनपाशी उभा राहून एकाहत्तरवर होतास. आज झालं काय?"

काय झालं ते त्याला कळलं होतं. पॅनजवळ असताना काळजीला हात असतात, लांबून नुसती काळजीच असते.

साहेबांनी एक पत्र पुढे केलं. "पंचाण्णवच्या वर गेला की माणूस 'आधारस्तंभ'. नियमच आहे. पुढचे तीन हंगाम दुसरा कुठलाही कारखाना तुला घेऊ शकत नाही. दुपारीच यादी सगळीकडे गेली."

"साहेब, मला सोडपत्र पायजे."

"आधारस्तंभाला सोडपत्र नसतं."

"बायको मरंल माझी."

शिरगुप्पे खाली बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. स्नेहलच्या आजारात त्यांनी स्वतःची गाडी दोनदा दिली होती. "नियम माझ्या हातात नाही रे," ते म्हणाले. "माझ्याही हातात बांगडीच आहे. सत्तावन्न."

मग इंद्रजितने शेवटचं पान टाकलं. आपण मघाशी ठरवलं होतं काय आणि बोलतोय काय, याचं त्याला भान उरलं नव्हतं. "साहेब, मी दहा ते बारा पॅनवर नव्हतोच. पलीकडच्या कारखान्यात मुलाखतीला गेलतो. चालू पॅन सोडून. काढून टाका मला. पण हे पत्र मागं घ्या."

साहेबांनी त्याच्याकडे आणि मग आलेखाकडे बघितलं. त्यांना ते पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग पॅनवर कोण होतं?" त्यांनी हळूच विचारलं. "मोमीनचा हात कसा भाजला? हे तू मला सांगितलंस तर मला लिहावं लागेल, आणि लिहिलं तर तुझ्याआधी तो जाईल. सांगितलंस का तू मला काही?"

इंद्रजितने मान खाली घातली. "न्हाई."

"अठ्ठावीस किलोमीटरवरून तुझा जीव इथल्या पॅनसाठी उडतो," शिरगुप्पे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "तू कुठं जाणार आहेस, थोरवत?"

चारला पाळी सुटली. कुलगुडे मॅडमचा फोन वाटेतच आला. यादी त्यांनी पाहिली होती. त्यांनी दोनदा "फार वाईट वाटतं" म्हटलं आणि दोन्ही वेळा मनापासून म्हटलं.

स्नेहलला त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत शेंगा सोलत राहिली. मग उठली आणि भरून ठेवलेली पिशवी तिने रिकामी केली. शाल खुंटीवर, पाण्याची बाटली ओट्यावर, बिस्किटाचा पुडा डब्यात. सगळं जागच्या जागी गेलं.

"स्नेहल..."

"तुमच्यावर राग न्हाई माझा," ती म्हणाली. "पण त्या बसमध्ये आता मी एकटी बसायची न्हाई. मरायची भीती तेवढी वाटत न्हाई हो. त्या बसची वाटते."

गुरुवारी सकाळी साडेसातला तो खाकी न घालता बाहेर आला. शिरगुप्पे साहेबांना फोन केला. "मी आज येत न्हाई. तीन नंबरला जो कोण असंल त्याला सांगा, सॅम्पलरच्या बुडाला गुडघा लावायचा. आणि ती बैठक दुरुस्त करून घ्या." पलीकडून साहेब काही बोलू लागले तेव्हा त्याने फोन ठेवला. रियाजची जुनी विजेवरची चारचाकी दारात उभी होती. रियाजने ती न विचारताच पहाटे आणून लावली होती.

"ऊठ," तो स्नेहलला म्हणाला. "मी येतोय बरोबर. परत आणायलाबी मीच."

मग तिने खुंटीवरची शाल घेतली.

आठला पाळी लागली आणि बांगडी हिशेबाला बसली. तिकडे पॅनमध्ये काही ना काही होत होतं, इकडे त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं, आणि मनगट शांत होतं. स्नेहलने त्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. आकडा बदलला की ती वाचून दाखवू लागली.

"त्र्याण्णव."

"वाचू नगंस."

"वाचते. माझ्यासाठी काय चाललंय ते मला कळू दे. अठ्ठ्याऐंशी."

अठ्ठ्याहत्तरला त्यांनी घाट उतरला. एकोणसत्तरला तिला मळमळलं म्हणून त्याने गाडी कडेला घेतली, तिची पाठ चोळली, पाणी दिलं. तीन कारखान्यांच्या चिमण्या मागे गेल्या. आता यातल्या एकाही दारात त्याला कुणी उभं करणार नव्हतं. क्वार्टर जाणार, ज्या अंगठ्याने बावीस वर्षं पोट भरलं त्याला गिऱ्हाईक उरणार नाही. उद्या खायचं काय, राहायचं कुठे, काही ठाऊक नव्हतं. चोपन्नला त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. स्नेहलने हात सोडला नाही.

दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा ती म्हणाली, "एकोणचाळीस."

हिरवे आकडे लाल झाले. तो आता पॅनमन राहिला नव्हता.

"शनिवारचं काय करायचं?" तिने उतरता उतरता विचारलं.

"शनिवारी काय, आता रोजच मोकळा आहे मी," तो म्हणाला, आणि कशी कोण जाणे, ती हसली.

या वेळी तो दारातून परतला नाही, आत गेला. खाटेशेजारी स्टूल होतं, त्यावर बसला. नर्सने स्नेहलची बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत सुयांच्या खुणांनी कातडी खडबडीत झालेली त्याने पहिल्यांदा उजेडात पाहिली. नर्सने पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड सुई उचलली आणि आत घातली.

इंद्रजितचा जीव असा उडाला की त्याला स्टुलाची कड धरावी लागली. हातापायांना घाम फुटला, कानांत ठोके वाजू लागले, बोटं गार पडली. मनगटावरचे लाल आकडे जागचे हलले नाहीत. त्या क्षणी तिकडे पॅनमध्ये काहीच झालं नव्हतं, तेव्हा बांगडीने काही टिपलं नाही.

"दुखत न्हाई हो आता," स्नेहल म्हणाली. "दुसरी सुई घालतील, तेव्हा दुसरीकडं बघा हवं तर."

त्याने दुसरीकडे बघितलं नाही. दुसरी सुई जाताना तो तिच्या हाताकडेच बघत होता.